एका दिवसाचा विलंब: हंगामी राष्ट्रपती बी. डी. जत्ती आणि नऊ विधानसभांची बरखास्ती, एप्रिल १९७७

भारताच्या उपराष्ट्रपतीचा सरकारच्या कारभारावर कितपत प्रभाव पडू शकतो आणि तो नेमका कुठे संपतो, हे समजून घ्यायचे असेल तर २९ आणि ३० एप्रिल १९७७ हे दोन दिवस बारकाईने पाहावेत, असे मला वाटते. उपराष्ट्रपती बसप्पा दानप्पा जत्ती त्या वेळी हंगामी राष्ट्रपती होते. केंद्रीय मंत्रिमंडळाने नऊ राज्यांत राष्ट्रपती राजवट लावून तेथील विधानसभा बरखास्त करण्याचा सल्ला त्यांच्याकडे पाठवला आणि जत्तींनी त्यावर लगेच सही केली नाही. ती सही दुसऱ्या दिवशी संध्याकाळी झाली. या पदाविषयीच्या चर्चा बहुधा राज्यसभेतील गोंधळ, निलंबने आणि सभापतींचे निर्णय यांभोवतीच फिरतात, परंतु पदाची खरी कसोटी ज्या प्रसंगात लागली तो हा प्रसंग आहे आणि तो आज फारसा कुणाच्या स्मरणात नाही.

प्रथम पदाची घडण पाहू. कलम ६३ म्हणते की भारताला एक उपराष्ट्रपती असेल, आणि कलम ६४ नुसार तो राज्यसभेचा पदसिद्ध सभापती असतो. कार्यकारी स्वरूपाचे एकही काम राज्यघटनेने त्याला दिलेले नाही. तो मंत्रिमंडळाच्या बैठकीला बसत नाही, त्याच्या हाताखाली खाते नसते, ज्या सभागृहाचा तो सभापती आहे त्याचा तो सदस्यही नसतो, आणि मत देण्याची वेळ त्याच्यावर केवळ समसमान मते पडल्यासच येते. वेतनदेखील त्याला सभापती म्हणून मिळते, उपराष्ट्रपती म्हणून नव्हे. मात्र राष्ट्रपतीचे पद मृत्यू, राजीनामा किंवा पदच्युती यांमुळे रिकामे झाले तर कलम ६५ लागू होते आणि नवा राष्ट्रपती येईपर्यंत उपराष्ट्रपती राष्ट्रपती म्हणून काम पाहतो. त्या काळात राष्ट्रपतीचे सर्व अधिकार आणि सर्व संरक्षणे त्याला मिळतात, राष्ट्रपतीचीच शपथ तो घेतो आणि राज्यसभेची खुर्ची उपसभापतींकडे जाते. हंगामी राष्ट्रपतीने महत्त्वाचे निर्णय नव्या राष्ट्रपतीसाठी राखून ठेवावेत, असे घटनेत कुठेही लिहिलेले नाही. १९६९ मध्ये झाकिर हुसेन यांच्या निधनानंतर उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांनी हंगामी राष्ट्रपती असतानाच बँक राष्ट्रीयीकरणाचा वटहुकूम काढला होता. त्यामुळे हंगामी राष्ट्रपतीची सही दुय्यम दर्जाची असते, असा समज तेव्हाही कुणाचा असण्याचे कारण नव्हते.

फक्रुद्दीन अली अहमद यांचे ११ फेब्रुवारी १९७७ रोजी निधन झाले तेव्हा आणीबाणी चालू होती, लोकसभा विसर्जित झालेली होती आणि निवडणुकीचा प्रचार रंगात आलेला होता. जत्तींकडे कार्यभार आला तो अशा काळात. पुढच्या सहा आठवड्यांत दोन परस्परविरोधी सरकारांच्या सल्ल्यावर त्यांना काम करावे लागले. २१ मार्चला इंदिरा गांधींच्या मावळत्या मंत्रिमंडळाच्या सल्ल्यावरून त्यांनी आणीबाणी मागे घेतली आणि २४ मार्चला जनता पक्षाच्या मोरारजी देसाईंना पंतप्रधानपदाची शपथ दिली.

मराठी वाचकांसाठी या दोघांच्या ओळखीचा धागा सांगण्याजोगा आहे. जत्ती मूळचे जमखंडी तालुक्यातील सावळगीचे. जमखंडी हे पटवर्धनांचे संस्थान होते. जत्तींचे कायद्याचे शिक्षण कोल्हापूरच्या साईक्स लॉ कॉलेजात झाले, जमखंडीतच त्यांनी वकिली केली आणि १९४८ मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन होण्यापूर्वी ते तेथील मंत्रिमंडळाचे प्रमुख होते. १९५२ नंतर मोरारजी देसाई मुंबई राज्याचे मुख्यमंत्री असताना जत्ती त्यांच्या सरकारात आरोग्य आणि कामगार खात्याचे उपमंत्री होते. पंचवीस वर्षांनी तेच मोरारजी पंतप्रधान म्हणून सल्ला पाठवत होते आणि त्यांचे एकेकाळचे उपमंत्री त्यावर सही करणारे राष्ट्रप्रमुख होते. तोपर्यंत जत्ती म्हैसूरचे मुख्यमंत्री, पुद्दुचेरीचे नायब राज्यपाल आणि ओरिसाचे राज्यपाल होऊन गेले होते. काँग्रेसच्या पाठबळावर ते १९७४ मध्ये उपराष्ट्रपतिपदी निवडून आले होते, हेही लक्षात ठेवले पाहिजे, कारण पुढे त्यांच्या विलंबाचा अर्थ लावताना विरोधकांनी सर्वांत आधी त्याकडेच बोट दाखवले.

प्रश्न नऊ राज्यांचा

मार्च १९७७ च्या लोकसभा निवडणुकीत काँग्रेसचा उत्तरेत आणि पूर्वेत जो पराभव झाला त्याचे प्रमाण आकड्यांवरूनच कळते. उत्तर प्रदेशातील ८५, बिहारमधील ५४, पंजाबातील १३, हरियाणातील १० आणि हिमाचल प्रदेशातील ४ जागांपैकी काँग्रेसला एकही मिळाली नाही. मध्य प्रदेशात ४० पैकी १, राजस्थानात २५ पैकी १, पश्चिम बंगालमध्ये ४२ पैकी ३ आणि ओरिसात २१ पैकी ४ जागा हाती आल्या. एकूण २९४ जागांपैकी ९. तरीही या नऊही राज्यांत काँग्रेसचीच सरकारे होती. बहुतेक विधानसभा १९७२ मध्ये निवडून आलेल्या होत्या. त्यांची पाच वर्षे मार्चमध्ये भरली असती, पण आणीबाणीतील ४२ व्या घटनादुरुस्तीने मुदत सहा वर्षांची केल्यामुळे त्यांना आणखी एक वर्ष आयते मिळाले होते. (महाराष्ट्राची विधानसभाही १९७२ चीच होती. पण महाराष्ट्रात काँग्रेसने ४८ पैकी २० जागा राखल्या होत्या आणि राज्य या यादीत आले नाही.)

गृहमंत्री चरणसिंग यांनी १८ एप्रिलला या नऊ राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिले. मतदारांचा विश्वास उरलेला नाही, तेव्हा आपण होऊन राज्यपालांना विधानसभा विसर्जित करण्याचा सल्ला द्यावा, असा त्याचा आशय होता. मुख्यमंत्र्यांनी तसे केले नाही तर केंद्र राष्ट्रपती राजवटीचे कलम ३५६ वापरणार, हे उघड होते. राजस्थान, मध्य प्रदेश, पंजाब, बिहार, हिमाचल प्रदेश आणि ओरिसा ही सहा राज्ये केंद्र-राज्य वादांसाठी असलेल्या कलम १३१ खाली थेट सर्वोच्च न्यायालयात गेली.

जनता सरकारला इतकी घाई का होती, हे समजल्याशिवाय जत्तींच्या हातातील सत्तेचे मोल कळणार नाही. राष्ट्रपतीची जागा रिकामी झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत, म्हणजे ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापूर्वी, नव्या राष्ट्रपतीची निवडणूक होणे बंधनकारक होते. त्या निवडणुकीत आमदार मतदार असतात आणि उत्तर प्रदेश-बिहारसारख्या मोठ्या राज्यांतील आमदारांच्या मतांचे वजन निर्णायक ठरते. जुन्या विधानसभा राहिल्या असत्या तर नुकत्याच हरलेल्या पक्षाच्या आमदारांनी नव्या राष्ट्रपतीच्या निवडीत मोठा वाटा उचलला असता. राज्यसभेचे सदस्यही विधानसभाच निवडतात, आणि राज्यसभेत काँग्रेसचे बहुमत होते. हीच राज्यसभा आणखी एका कारणाने आड येत होती. कलम ३५६ खालील उद्घोषणेला दोन महिन्यांच्या आत दोन्ही सभागृहांची मान्यता लागते आणि राज्यसभा ती देण्याची शक्यता नव्हती. मान्यतेशिवाय उद्घोषणा दोन महिनेच टिकते. म्हणजे त्या दोन महिन्यांत निवडणुका उरकून नवी सरकारे आणायची, तर मान्यतेचा प्रश्नच उरत नाही, पण त्यासाठी सही एप्रिल संपण्यापूर्वी होणे आवश्यक होते. उशीर झाला तर निवडणुका भर पावसाळ्यात आणि राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीच्या तोंडावर आल्या असत्या. सारे गणित दिवसांचे होते आणि दिवस जत्तींच्या टेबलावर अडकणार होते.

शुक्रवार आणि शनिवार

सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने २९ एप्रिलला, शुक्रवारी, राज्यांचे दावे फेटाळले. सरन्यायाधीश एम. एच. बेग यांच्यासह यशवंत विष्णू चंद्रचूड, पी. एन. भगवती, ए. सी. गुप्ता, पी. के. गोस्वामी, एन. एल. उंटवालिया आणि एस. मुर्तझा फझल अली हे त्या पीठात होते. सविस्तर कारणे नंतर देऊ असे सांगून न्यायालयाने केवळ निर्णय जाहीर केला. मार्ग मोकळा झाल्याबरोबर मंत्रिमंडळाने त्याच दिवशी सल्ला राष्ट्रपती भवनाकडे धाडला. जत्तींनी विचारासाठी वेळ मागितला. शनिवारी मंत्रिमंडळाची पुन्हा बैठक झाली आणि हंगामी राष्ट्रपती हा सल्ला मानण्यास घटनेने बांधलेले आहेत, असे त्यांना निःसंदिग्धपणे कळवण्यात आले. संध्याकाळी जत्तींनी नऊही उद्घोषणांवर सह्या केल्या.

जत्तींना नकार देता आला असता का? माझ्या मते नाही, आणि हे उत्तर त्या दिवशीही स्पष्ट होते. १९७४ च्या शमशेर सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी सांगितले होते की राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच काम करतो. त्यात तिळमात्र शंका राहू नये म्हणून ४२ व्या घटनादुरुस्तीने कलम ७४ मध्येच शब्द घातले की राष्ट्रपती त्या सल्ल्यानुसार वागेल. ही दुरुस्ती ३ जानेवारी १९७७ पासून लागू झाली होती. सल्ला फेरविचारासाठी परत पाठवण्याची तरतूद तेव्हा घटनेत नव्हती. ज्या सरकारने राष्ट्रपतीचे हात बांधले ते काँग्रेसचे होते, आणि त्या बांधलेल्या हातांचा पहिला मोठा लाभ जनता सरकारला झाला.

मग वाट एकच उरत होती, ती म्हणजे राजीनामा. पण त्या वाटेने काय झाले असते ते पाहा. राष्ट्रपती आणि उपराष्ट्रपती ही दोन्ही पदे रिकामी असतील तर १९६९ च्या कायद्यानुसार सरन्यायाधीश राष्ट्रपतीचे काम पाहतो. गिरींनी राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवण्यासाठी राजीनामा दिल्यावर सरन्यायाधीश एम. हिदायतुल्ला यांनी ते पाहिलेही होते. म्हणजे जत्ती बाजूला झाले असते तर उद्घोषणांवर सही करण्याची वेळ आदल्या दिवशी राज्यांचे दावे फेटाळणाऱ्या बेग यांच्यावरच आली असती. सही टळली नसती, केवळ सही करणारा बदलला असता, आणि न्यायपालिकेची त्यात फरफट झाली असती.

उलट बाजूही तितकीच विचारात घेण्यासारखी आहे. जत्तींनी सही रोखून धरली असती तर सरकारला काय करता आले असते? उपराष्ट्रपतीला दूर करण्याचा ठराव राज्यसभेतच मांडावा लागतो, चौदा दिवसांची पूर्वसूचना द्यावी लागते, राज्यसभेच्या त्या वेळच्या सर्व सदस्यांच्या बहुमताने तो संमत व्हावा लागतो आणि मगच तो लोकसभेच्या संमतीसाठी जातो. राज्यसभा काँग्रेसच्या हाती असल्यामुळे हा रस्ता सरकारला बंद होता. कायद्याने जत्तींना नकाराचा अधिकार नव्हता, पण त्यांचा हात धरून सही करवून घेण्याचे व्यवहार्य साधनही सरकारकडे नव्हते. कायद्यातील कर्तव्य आणि ते पाळायला लावणारी यंत्रणा यांच्यातील या फटीतच उपराष्ट्रपतीचा सारा प्रभाव सामावलेला होता, आणि जत्तींनी त्यातून एक दिवस घेतला.

तो एक दिवस घेण्यात गैर काय होते? जत्तींच्या मनात काय होते ते आपण ठरवू नये, पण प्रसंगाने उभा केलेला प्रश्न खोटा नव्हता. लोकसभेच्या निवडणुकीत हरलेल्या पक्षाचे राज्यातील बहुमत आपोआप संपते का? संपत असेल तर संघराज्य या शब्दाला अर्थ काय उरतो? कलम ३५६ राज्याचा कारभार घटनेनुसार चालणे अशक्य झाल्यावर वापरायचे असते आणि त्या नऊ राज्यांत सरकारे विधानसभेच्या बहुमतावर उभी होती. राज्यपालांचा अहवाल नसताना, घटनेतील ‘किंवा अन्यथा’ या दोन शब्दांच्या आधाराने केंद्र हे करत होते. राष्ट्रप्रमुखाने अशा वेळी मंत्रिमंडळाला एकदा पुन्हा विचार करा म्हणावे, हे मला केवळ क्षम्य नव्हे तर योग्य वाटते. त्यांच्या बाजूने अवघड होती ती त्यांची स्वतःची मागची नोंद. मार्च १९७३ मध्ये ओरिसात नंदिनी सत्पथींचे सरकार पडले तेव्हा राज्यपाल जत्तींनी बिजू पटनाईक यांचा सरकार बनवण्याचा दावा न स्वीकारता राष्ट्रपती राजवटीची शिफारस केली होती आणि ते प्रकरण ओरिसा उच्च न्यायालयापर्यंत गेले होते. तेच पटनाईक आता मोरारजींच्या मंत्रिमंडळात होते. जत्तींचा संकोच घटनेपोटी आहे, असे त्या मंत्रिमंडळाला पटवून देणे कठीणच होते.

परंतु जत्तींची एक कृती मला समर्थनीय वाटत नाही, आणि ती विलंबाची नाही. निर्णय जाहीर झाल्यानंतर, पण कारणे लिहून व्हायची असताना, हंगामी राष्ट्रपतींनी सरन्यायाधीश बेग यांची भेट घेतली आणि तीत या प्रलंबित प्रकरणाचा उल्लेख झाला. ही गोष्ट स्वतः बेग यांनी सहकारी न्यायमूर्तींना सांगितली, आणि न्यायमूर्ती गोस्वामी यांनी ती आपल्या निकालपत्रात नोंदवली. ६ मे रोजी प्रसिद्ध झालेल्या त्या निकालपत्राच्या अखेरीस गोस्वामी लिहितात की अंगावर थंडगार शहारा घेऊनच आपण या प्रकरणाची कागदपत्रे हातावेगळी करत आहोत, आणि राष्ट्रपतिपदाच्या थोरवीला पुढे अशा वादाची झळ लागू नये, या आशेने आपण हे लिहून ठेवत आहोत. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात राष्ट्रप्रमुखाविषयी इतके थेट लिहिले जाणे ही फार गंभीर गोष्ट आहे. मंत्रिमंडळाकडे उघडपणे प्रश्न विचारणे हा पदाचा प्रभाव होता, तर न्यायाधीशाशी खासगीत बोलणे ही पदाची मर्यादा ओलांडणे होते. अधिकार नसलेल्या पदावरील माणसाला भेटीगाठींचा मोह जास्त पडतो, कारण त्याच्याकडे दुसरे साधन नसते. म्हणूनच त्याने तो अधिक कसोशीने टाळायला हवा.

त्यानंतर

जूनमध्ये नऊही राज्यांत निवडणुका झाल्या आणि महिना संपण्यापूर्वी नवी सरकारे आली. सात राज्यांत जनता पक्षाची, पंजाबात अकाली दलाच्या नेतृत्वाखालील आणि पश्चिम बंगालमध्ये ज्योती बसूंच्या डाव्या आघाडीची. दोन महिन्यांचे गणित जेमतेम जमले. जुलैमध्ये नीलम संजीव रेड्डी बिनविरोध राष्ट्रपती झाले, २५ जुलैला त्यांनी शपथ घेतली आणि जत्ती पुन्हा राज्यसभेच्या खुर्चीवर जाऊन बसले. ऑगस्ट १९७९ पर्यंत ते उपराष्ट्रपती होते.

याच काळात जनता सरकारने ४४ वी घटनादुरुस्ती आणली. तिने कलम ७४ मध्ये नवे वाक्य घातले: राष्ट्रपती मंत्रिमंडळाला आपल्या सल्ल्याचा फेरविचार करण्यास सांगू शकेल, मात्र फेरविचारानंतर दिलेला सल्ला त्याला मानावाच लागेल. कलम ३५६ बाबत राष्ट्रपतीचे समाधान अंतिम मानणारी आणीबाणीतील तरतूदही तिने काढून टाकली. जत्तींच्या त्या एका दिवसामुळेच हे झाले असे म्हणता येणार नाही, कारण या दुरुस्तीमागे आणीबाणीचा सगळा अनुभव उभा होता. पण एप्रिल १९७७ मध्ये जे कायद्याबाहेर घडले, म्हणजे सल्ला आला, थांबला, मंत्रिमंडळ पुन्हा बसले, सल्ला कायम राहिला आणि सही झाली, तोच क्रम दीड-दोन वर्षांत घटनेत लिहिला गेला. तो लिहिणारे सरकार मोरारजींचेच होते आणि ज्या राज्यसभेत त्या विधेयकावर चर्चा झाली तिचे सभापती जत्ती होते.

त्या प्रसंगाची किंमत मात्र महाराष्ट्रालाही मोजावी लागली. १९८० मध्ये इंदिरा गांधी सत्तेवर परतल्यावर त्यांच्या सरकारने जनता पक्षाचाच युक्तिवाद उलटवला आणि १७ फेब्रुवारीला नऊ विधानसभा बरखास्त केल्या. त्यांत महाराष्ट्राची होती आणि शरद पवारांचे पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकार गेले. त्या वेळी फेरविचाराची तरतूद घटनेत असूनही उद्घोषणा निघाल्याच. या वापराला खरा आळा बसला तो १९९४ मध्ये बोम्मई खटल्याच्या निकालाने. नऊ न्यायमूर्तींच्या त्या पीठाने सांगितले की संसदेच्या दोन्ही सभागृहांची मान्यता मिळेपर्यंत विधानसभा बरखास्त करता येत नाही, फार तर निलंबित ठेवता येते. हा नियम १९७७ मध्ये असता तर जत्तींच्या सहीने विधानसभा गेल्याच नसत्या आणि काँग्रेसचे बहुमत असलेल्या राज्यसभेने उद्घोषणा अडवून धरल्या असत्या.

फेरविचाराचे कलम कलम ३५६ च्याच बाबतीत ठळकपणे वापरले गेले ते ऑक्टोबर १९९७ मध्ये. उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावण्याचा गुजराल मंत्रिमंडळाचा सल्ला के. आर. नारायणन यांनी परत पाठवला आणि मंत्रिमंडळाने आग्रह सोडला. नारायणन काही महिन्यांपूर्वीपर्यंत उपराष्ट्रपतीच होते, पण हे त्यांनी केले ते निवडून आलेले राष्ट्रपती म्हणून. कलम ६५ नुसार हा अधिकार हंगामी राष्ट्रपतीलाही तितकाच आहे. तथापि जुलै १९७७ नंतर राष्ट्रपतीचे पद मुदतीपूर्वी रिकामे झालेले नाही, त्यामुळे जत्तींच्या जागी बसलेल्या उपराष्ट्रपतीने तो वापरला तर कोणते सरकार तो मुकाट्याने मान्य करील, याची परीक्षा अजून झालेली नाही.